मोटार जिथे थांबते, तिथून पुढे

गेल्या जूनमध्ये आम्ही सहकुटुंब स्वित्झर्लंडला जाऊन आलो. परतल्यावर भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारी, "किती शहरं झाली?" मी सांगे, "एक गाव झालं." विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरे. त्या गावात मोटार जात नाही हे कळल्यावर तर तो पुरता गोंधळून जाई. बाजारपेठेत कापडाचे मोठे दुकान असलेले आमचे व्याही म्हणाले, "साहेब, एवढा खर्च करून पायी चालायला गेलात? ते तर इथे फुकट होतं." तेव्हा आम्ही सगळेच हसलो. पण पुढच्याच आठवड्यात तेच व्याही वही घेऊन घरी आले आणि दोन तास बसून सारी माहिती उतरवून घेऊन गेले. असे विचारणारे आणखीही निघाले, म्हणून हा लेखनप्रपंच. यात थोडे स्थळवर्णन आहे, थोडा हिशेब आहे आणि एक कबुलीही आहे.

कबुली आधी देतो. बँकेत मी छत्तीस वर्षे नोकरी केली. ठरावीक वर्षांनी एलएफसी, म्हणजे सहकुटुंब प्रवासाची सवलत, मिळत असे. मी ती बहुतेक वेळा रोख रकमेत घेतली. कधी घराचा हप्ता होता, कधी मुलाची फी, कधी धाकट्या बहिणीचे लग्न. कारणे खोटी नव्हती. पण सौभाग्यवतींना दर वेळी एकच उत्तर मिळत गेले, "निवृत्तीनंतर जाऊ." एका वर्षी शाखेतल्या भिंतीवर आल्प्समधल्या खेड्याचे चित्र असलेले कॅलेंडर होते. खाली खोल दरी, वर हिरव्या उतारावर लाकडी घरे, त्यांच्यामधून चढणारी इवलीशी आगगाडी. वर्ष संपल्यावर तिने ते पान मागून घेतले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. मी निवृत्त झालो तेव्हा पान जागेवरच होते. तिचे गुडघे मात्र पूर्वीचे राहिले नव्हते. उजव्याची शस्त्रक्रिया झालेली, डावा कुरकुरणारा.

नातवाने त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि काही क्षणांत गावाचे नाव सांगितले : वेंगेन. मुलगा म्हणाला, "पप्पा, तिथे गाड्या चालत नाहीत. मम्मीचं कसं होणार? त्यापेक्षा ग्रुप टूर बरी. बस हॉटेलच्या दारापर्यंत येते." यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "पण त्या बसमध्ये दिवसातून दहादा चढायचं-उतरायचं, तेही गुडघ्यांनीच ना?" निर्णय तिथेच झाला. अकरा दिवसांत पाच देश हा बेत मागे पडला आणि आठ दिवस एक गाव हे नक्की झाले.

उंचीचा हिशेब

वेंगेन हे स्वित्झर्लंडच्या बर्न परगण्यात, लाउटरब्रुनेनच्या दरीत आहे. ही दरी म्हणजे हिमनदीने कोरलेली एक लांबट कुंडी. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि त्या कड्यांच्या माथ्यावर दोन विस्तीर्ण गवताळ टप्पे. पूर्वेच्या टप्प्यावर वेंगेन आहे, पश्चिमेच्या टप्प्यावर म्युरेन. दरीच्या तळाशी असलेले लाउटरब्रुनेन सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानइतके. वेंगेन १,२७४ मीटरवर, म्हणजे जवळजवळ पाचगणीच्या उंचीवर. म्युरेन सुमारे १,६४० मीटरवर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखराची बरोबरी करणारे. आपला डोंगर जिथे संपतो तिथे त्यांचे गाव वसते, आणि त्याच्याही वर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन हिमशिखरे उभी राहतात. त्यांपैकी युंगफ्राउची उंची ४,१५८ मीटर आहे.

दरीच्या कड्यांवरून अनेक धबधबे कोसळतात. त्यांतला श्टाउबबाख सुमारे ३०० मीटर उंचीवरून पडतो. खाली येईपर्यंत त्याच्या पाण्याचे धुके होते. महाकवी गटे १७७९ मध्ये इथे आला होता आणि हा धबधबा पाहून त्याने एक प्रसिद्ध कविता लिहिली. ट्र्युमेलबाख हा दुसरा धबधबा डोंगराच्या पोटात आहे. वरच्या हिमनद्यांचे वितळलेले पाणी खडक कापत आतूनच खाली उतरते. तिथे लिफ्टने वर जाता येते, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी प्रवेशद्वाराजवळ बसून गर्जना ऐकावी. तीही पुरेशी असते.

मोटार का नाही?

मला वाटले होते की पर्यावरणाच्या आस्थेपोटी कुणी तरी अलीकडे बंदी घातली असेल. खरी गोष्ट अधिक व्यवहारी निघाली. लाउटरब्रुनेनपर्यंत रेल्वे १८९० मध्ये पोहोचली, तिथून वर म्युरेनला १८९१ मध्ये आणि वेंगेनला १८९३ मध्ये. मोटारगाडी सामान्य माणसाच्या दारात यायला तेव्हा अनेक वर्षे अवकाश होता. पाहुणे, दूध, पीठ, टपाल, सारे रेल्वेनेच ये-जा करू लागले आणि गावाचा व्यवहार त्याच रुळांवर बसला. पुढे मोटारी आल्या तेव्हा उभ्या कड्यावरून रस्ता काढण्याचा खर्च करायचा कशासाठी, हा प्रश्न होता. रस्ता झालाच नाही. कालांतराने जगभर रस्ते आणि गोंगाट वाढला, आणि नसलेला रस्ता हेच या गावांचे भांडवल ठरले. व्यापारी वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

बंदीचा इतिहासही त्या देशाला आहे. पूर्वेकडील ग्राउब्युंडेन या आख्ख्या परगण्यात १९०० पासून १९२५ पर्यंत मोटारींना मज्जाव होता. लोकांचा कौल पुन्हा पुन्हा घेतला गेला, आणि पंचवीस वर्षांनी कुठे मोटारीला प्रवेश मिळाला.

आपल्यालाही ही कल्पना परकी नाही. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. योगायोग असा की स्वित्झर्लंडमधील ब्राउनवाल्ड या दुसऱ्या मोटारविरहित गावाची दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वेही त्याच वर्षी सुरू झाली. माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते, तशी वेंगेनसाठी लाउटरब्रुनेनच्या स्टेशनलगतच्या बहुमजली वाहनतळावर सोडावी लागते. फरक आहे तो मोटार सोडल्यानंतरच्या सोयीत.

कोणते गाव निवडावे?

मोटारविरहित गावे अनेक आहेत आणि त्यांचे प्रकार निरनिराळे आहेत. आपल्या कुटुंबात कोण कोण आहे हे पाहून निवड करावी.

झेरमाट हे मॅटरहॉर्नच्या पायथ्याचे गाव सर्वांत प्रसिद्ध. मोटार पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवायची आणि रेल्वेने बारा मिनिटांत गावात जायचे. पण गावात विजेवर चालणाऱ्या चौकोनी टॅक्स्या पुष्कळ आहेत आणि त्या आवाज न करता मागून येतात. शांततेची फार अपेक्षा ठेवून जाऊ नये. सास-फे येथे रस्ता गावाच्या वेशीपर्यंत येतो आणि तिथल्या वाहनतळावर संपतो. रीडरआल्प आणि बेटमरआल्प ही गावे आल्प्समधल्या सर्वांत लांब हिमनदीच्या, आलेच हिमनदीच्या, शेजारच्या डोंगरमाथ्यावर आहेत आणि तिथे दरीतून आकाशपाळण्याने जावे लागते.

आमचा प्रश्न शेवटी वेंगेन की म्युरेन एवढाच उरला. म्युरेन अधिक उंच, अधिक लहान आणि अधिक शांत आहे. मुख्य रस्ताही बराचसा सपाट आहे. पण तिथे जाण्यासाठी आधी आकाशपाळणा आणि मग छोटी रेल्वे, असे दोनदा बदलावे लागते. वेंगेनचे रस्ते थोडे चढ-उताराचे आहेत. मात्र लाउटरब्रुनेनला एकदा गाडीत बसले की सुमारे पंधरा मिनिटांत गावाच्या मध्यभागी उतरता येते. किराणा दुकान स्टेशनजवळच आहे. सामान आणि माणसे या दोन्हींचा विचार करून आम्ही वेंगेन धरले. राहायची जागा निवडताना मी एकच कसोटी लावली होती, ती सर्वांना सांगतो : नकाशावर स्टेशनपासूनचे अंतर पाहू नये, चढ किती आहे ते विचारावे. डोंगरातल्या गावात तीनशे मीटर अंतर आणि तीनशे मीटर चढण यांत गुडघ्यांच्या दृष्टीने फार फरक असतो. आम्ही घरमालकीणबाईंना पत्र लिहून हे आधीच विचारले. त्यांनी स्टेशनवर विजेची छोटी गाडी पाठवली. तिच्यावर सामान चढले आणि सौ.ही बसल्या. मोटार नसलेल्या गावात माणसे हातावर हात धरून बसत नाहीत, त्यांनी आपापली सोय केलेली असते.

ऋतू, सूर्य आणि स्वयंपाक

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आणि नोव्हेंबरात तिथे बरेच पाळणे व हॉटेले बंद असतात. हिवाळ्यात गाव बर्फावरच्या खेळांचे असते. जानेवारीत लाउबरहॉर्नची जगप्रसिद्ध स्की-शर्यत भरते. आपल्यासाठी जूनचा उत्तरार्ध उत्तम. कुरणे फुललेली असतात, पाळणे सुरू झालेले असतात आणि आपला चातुर्मासही अजून बसलेला नसतो.

जून निवडण्याचे आणखी एक कारण आपल्याच घरांत समजेल. तिथे जूनअखेर सूर्योदय साडेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त सव्वानऊच्या पुढे होतो. नवकारशी साडेसहाला होऊन जाते आणि दिवसभर हिंडून आल्यावरही चौविहाराला भरपूर वेळ उरतो. डिसेंबरात हाच सूर्यास्त पावणेपाचच्या आसपास असतो. मग जेवणासाठी दुपारीच परतावे लागते. शिवाय खालच्या दरीतून सूर्य लवकर डोंगराआड जातो. वेंगेनचा टप्पा पश्चिमेकडे उघडा असल्यामुळे तिथे ऊन उशिरापर्यंत रेंगाळते.

जेवणाबद्दल स्पष्टच लिहितो. तिथे 'शाकाहारी' म्हणजे मांस नसलेले एवढेच. र्‍योष्टी हा आवडता पदार्थ बटाट्याचा. फोंड्यूमध्ये चीजबरोबर पांढरी वाइन असते. ग्र्युयेरसारखी पारंपरिक चीजे वासराच्या जठरातील रेनेट घालून दूध फाडून करतात. सूपचे पाणी कशाचे आहे हे विचारावेच लागते. इंटरलाकेनला भारतीय उपाहारगृहे आहेत, पण रोज खाली उतरणे शक्य नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हाच राजमार्ग.

शिधा नेतानाही नियम पाहावेत. भारतातून दूध व दुधाचे पदार्थ प्रवाशांनी स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे. ताज्या फळभाज्यांवरही निर्बंध आहेत. तांदूळ, मूगडाळ, पीठ, मसाले, तेलावर भाजलेले खाखरे यांवर आमचे उत्तम भागले. दूध, दही, लोणी, कोबी, सिमला मिरची, टोमॅटो आणि फळे गावातच मिळतात. ओट, किसलेले सफरचंद आणि बदाम यांची म्यूस्ली ही तर त्यांचीच देणगी. झुरिकच्या बिर्खर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी ती आपल्या रुग्णांसाठी प्रचारात आणली. सकाळच्या नाश्त्याला ती सर्वांना चालली.

सूनबाईंनी निघण्यापूर्वीच अट घातली होती की तिथे मम्मींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. त्यामुळे एका आड एक दिवस मुलगा आणि मी. पहिल्याच दिवशी माझ्या हिंग-मोहरीच्या फोडणीने छतावरचा धुराचा भोंगा वाजला आणि शेजारचे जर्मन गृहस्थ धावत आले. त्यांना खिचडी वाढली. आयुष्यातली माझी पहिली खिचडी एका परदेशी माणसाने मागून घेऊन खाल्ली, याची नोंद व्हावी.

प्रवास आणि पैसा

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. विमानतळाच्या इमारतीखालीच रेल्वे स्टेशन. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट, मग लाउटरब्रुनेन आणि शेवटी दातेरी रुळाची वेंगेनची गाडी, असा सुमारे तीन तासांचा प्रवास. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इंटरलाकेनहून निघणारी गाडी झ्वायल्युचिनेन स्टेशनात दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच बसावे. छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज बारकाईने वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ही पाटी वाचली नाही आणि आम्ही पाचही जण सामानासह ग्रिंडेलवाल्डच्या वाटेला लागलो. नातवाला मात्र फुकटात एक दरी जास्त पाहिल्याचा आनंद झाला.

स्विस ट्रॅव्हल पास तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो आणि तो वेंगेन व म्युरेनपर्यंत चालतो. त्यावरच्या डोंगरी गाड्यांना सवलत मिळते, पूर्ण माफी नाही. सोळा वर्षांखालील मुले आई-वडिलांपैकी एकाबरोबर असली तर फॅमिली कार्डावर त्यांचा प्रवास विनामूल्य होतो. कार्ड आधी मागून घ्यावे लागते.

चलन स्विस फ्रँक आहे, युरो नव्हे. दुकानात कार्ड वापरताना यंत्र विचारते की रक्कम रुपयांत कापू की फ्रँकमध्ये. नेहमी फ्रँक निवडावे. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यातला दर सहसा महाग पडतो. व्हिसा शेंगेनचा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

युंगफ्राउयोखचे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीने आयगरच्या पोटातून बोगदा खणण्याचे काम १८९६ मध्ये सुरू केले. तो १८९९ मध्ये वारला आणि रेल्वे माथ्यापर्यंत १९१२ मध्ये पोहोचली. फळ आपल्या हयातीत मिळेल याची खात्री नसताना केलेली ती गुंतवणूक होती. तिकीट महाग आहे, म्हणून ते मुंबईहून काढून ठेवू नये. तिथल्या कॅमेऱ्यांची चित्रे मोबाइलवर दिसतात. शिखर ढगात असेल तर तो दिवस खालच्या वाटांना द्यावा. एकाच गावात आठ दिवस मुक्काम असण्याचा हा फायदा की वाट पाहणे परवडते. हृदयविकार असलेल्यांनी एवढ्या उंचीवर जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

बाकावरचा तास

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वेंगेनहून मेन्लिखेनला पाळणा जातो. तिथून क्लाइने शायडेगपर्यंत साडेचार किलोमीटरची रुंद पायवाट आहे. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ, डावीकडे ग्रिंडेलवाल्डची दरी. साधारण दीड तासाची वाट, आणि तीही किंचित उताराची. 'उतार आहे, म्हणजे सोपे' असा हिशेब करून मी ती सौ.साठी निवडली. हिशेब चुकला. दुखऱ्या गुडघ्याला सौम्य चढापेक्षा उतार जास्त जाचतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. तिला ते ठाऊक होते, पण तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

निम्म्या वाटेवर ती एका बाकावर बसली. मुलगा, सूनबाई आणि नातू बरेच पुढे गेले होते. ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी येते."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. भाजीबाजारात, रेल्वेच्या पुलावर, शत्रुंजयाच्या पायऱ्यांवर. आणि प्रत्येक वेळी मी खरोखरच पुढे गेलो आहे. घरी अशी वेळ आली असती तर फोन करून गाडी बोलावली असती आणि आपण काळजी घेतली असे मला वाटलेही असते. इथे बोलावण्यासारखे काही नव्हते. मागे जेवढे अंतर, तेवढेच पुढे. मी तिच्या शेजारी बसलो.

आम्ही तासभर बसलो. खाखरे खाल्ले. गाईंच्या गळ्यातल्या घंटा खालच्या कुरणातून ऐकू येत होत्या. येणारे-जाणारे 'ग्रुएसेख' म्हणून नमस्कार करीत होते. तिने कपाटावरच्या चित्राचा विषय काढला. म्हणाली, त्या चित्रातल्या गाडीत कोण बसलं असेल याचा ती पुष्कळदा विचार करायची. पण आपण दोघं असू असं काही तिला वाटलं नव्हतं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बँकेत थकीत कर्जाच्या बऱ्याच खात्यांवर मी नोटिसा काढल्या. माझ्या नावावरचे हे खाते मात्र कुणी कधी दाखवले नव्हते.

मग तिच्या पावलांनी निघालो. मी चालण्याची काठी तिला दिली आणि दुसऱ्या बाजूने हात. दहा पावले, थांबणे, पुन्हा दहा पावले. दीड तासाच्या वाटेला आम्हाला तीन तासांहून अधिक लागले. आपले साधू-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात आणि पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहतात. त्यांच्या दर्शनाला आपण मोटारीने जातो, हा विचार त्या वाटेवर प्रथमच मनात आला. वाटेतली निळी जेंशियन फुले, दगडाखालचे झरे, मुंग्यांची रांग हे सारे मला त्या वेगाने चालल्यामुळेच दिसले. क्लाइने शायडेगला मुलगा काळजीने उभा होता. सौ.ने त्याला एवढेच सांगितले, "उद्या पुन्हा जाऊ कुठेतरी. पण खाखरे जास्त घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या कड्यावर विंटरएग ते म्युरेन ही रेल्वेलगतची जवळजवळ सपाट वाट घेतली. ज्येष्ठांसाठी मी हीच सुचवीन. दमल्यास विंटरएगला परत येऊन गाडी पकडता येते. मेन्लिखेनची वाट घ्यायचीच असेल तर गुडघ्यांचा कल पाहून ती क्लाइने शायडेगकडून उलटी चालावी आणि दोन काठ्या बरोबर ठेवाव्यात. मधे कुठेही वाहन मिळत नाही, हे गृहीत धरूनच निघावे.

विक्रेता नसलेले दुकान

म्युरेनच्या खाली गिमेलवाल्ड हे शंभर-सव्वाशे वस्तीचे खेडे आहे. तिथे 'ऑनेस्टी शॉप' नावाचे एक दुकान आहे. आत विक्रेता नसतो. वस्तूंवर किमती लिहिलेल्या असतात. आपण घ्यावे, बेरीज करावी आणि पैसे पेटीत टाकावेत. नातवाने दोनदा बेरीज तपासली. तीन पिढ्या दुकानदारी केलेल्या घरातल्या सूनबाई बराच वेळ तिथे उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पप्पा, इथे कोण आलं, काय घेतलं, सगळ्या गावाला दिसतं. कारण सगळे पायी चालतात." मला ते पटले. मोटारीच्या काचेआडून गावाला फारसे काही दिसत नाही.

वेंगेनला रोज सकाळी मालाचे डबे घेऊन गाडी वर येते आणि स्टेशनातून विजेच्या छोट्या गाड्यांवर पाव, दूध, खोकी घरोघर जातात. प्रत्येक किलो वजन रुळावरून वर चढलेले असल्यामुळे वस्तू महाग आहेत हे खरे. पण सायंकाळी दुकाने बंद झाली की रस्त्यावर फक्त पावलांचा आवाज राहतो. मुले रस्त्याच्या मधोमध खेळतात आणि त्यांना कुणी 'बाजूला हो' म्हणून ओरडत नाही. आठ दिवसांत आमच्या नातवाला आम्ही एकदाही हात धरून रस्ता ओलांडून दिला नाही, हे परतीच्या विमानात सूनबाईंच्या लक्षात आले.

व्याही येत्या जूनमध्ये निघत आहेत. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला तो असा : "आम्हाला चालायला जमेल का?" मी म्हटले, तयारी आजपासूनच करा. दुकान ते स्थानक हे दीड किलोमीटर रोज पायी चला. त्यांनी मनावर घेतले. गेल्या आठवड्यात सकाळी ते प्रवचनाला पायी येताना दिसले, व्याहीणबाईही बरोबर होत्या. मोठे समाधान वाटले. फक्त ते चार पावले पुढे होते. तिथे चारचौघांत बोलणे बरे दिसले नसते, म्हणून इथे लिहून ठेवतो.